पहिलं जुनं लढाऊ विमान बांधताय? स्पिटफायर थोडं थांबू द्या, हरिकेन घ्या

रानवारा

नमस्कार मंडळी,

ट्रेनरवर, म्हणजे रेडिओवर उडणाऱ्या शिकाऊ मॉडेल विमानावर, हात बसला की पुढचं विमान कोणतं घ्यावं, हे आमच्या मैदानावर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकदा विचारणाऱ्यानं मनात स्पिटफायर ठरवून टाकलेलं असतं. त्या लंबगोल पंखांवर जीव जडतो, यात नवल नाही. पण रेडिओ कंट्रोलवरचं दुसऱ्या महायुद्धातलं पहिलंच लढाऊ विमान असेल, तर हॉकर हरिकेन बांधा असं मी आग्रहानं सांगतो. का, ते सविस्तर लिहितो.

पहिलं कारण चाकं. स्पिटफायरची मुख्य चाकं धडाला लागून जोडलेली आणि बाहेरच्या बाजूला दुमडणारी. त्यामुळे दोन चाकांमधलं अंतर खऱ्या विमानातही जेमतेम १.७ मीटर. हरिकेनची चाकं पंखात लांब जोडलेली आणि आतल्या बाजूला दुमडणारी, अंतर सुमारे २.३ मीटर. १/८ मापात उतरवलं तर स्पिटफायरला २२ सेंटिमीटर मिळतात आणि हरिकेनला २९. आपल्याकडे डांबरी धावपट्टी कुणाला मिळते? पीक काढलेलं शेत, मुरमाड माळ, नाहीतर पावसाळ्यानंतरचं खुरटं गवत. अशा जमिनीवर हे सात सेंटिमीटर विमानाला पंख टेकवून गरकन फिरण्यापासून वाचवतात.

दुसरं कारण पंखाची जाडी. हरिकेनचं पहिलं उड्डाण ६ नोव्हेंबर १९३५ रोजी झालं. तोवर पातळ पंखाचं तंत्र सगळीकडे रुळलं नव्हतं आणि हरिकेनचे रचनाकार सिडनी कॅम यांनी मुळाशी १९ टक्के जाडीचा पंख घेतला. खऱ्या विमानाला त्यामुळे वेगात मार बसला, पण आपल्याला तो फायद्याचा. जाड पंखात स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, खोल बसतो, म्हणून हलका असूनही मोडत नाही. रीट्रॅक्ट (चाकं आत घेणारी यंत्रणा) आणि सर्वो (हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) आत आरामात मावतात. वेग कमी झाला की पंख आधी सैल पडल्याची जाणीव देतो, एकदम दगा देत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात प्रिय आहे. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग म्हणजे धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी फॉर्मर (आडव्या चौकटी) आणि लांब पट्ट्या, त्यावर ताणून बसवलेलं कापड. कापडाखालून त्या पट्ट्या उठून दिसतात. आपण बाल्सा हे हलकं लाकूड घेऊन हेच करतो. धातूच्या पत्र्याचं विमान लाकडात बांधताना सतत सोंग वठवावं लागतं, रिव्हेटसुद्धा खोटे काढावे लागतात. हरिकेनचं शेपूट बांधताना तुम्ही कारखान्यातल्या सुताराचंच काम करत असता.

आणि हे विमान आपलंही आहे, ही गोष्ट मला इथे ठासून सांगायची आहे. भारतात बनलेलं हरिकेनचं जे मॉडेल पाहावं ते १९४० च्या इंग्लंडमधल्या लढाईच्या रंगात. अहो, आपल्या वायुदलाच्या १ नंबर स्क्वाड्रननं १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हीच विमानं उडवली. नेतृत्व अर्जनसिंग यांचं, आणि त्याच लढाईसाठी त्यांना डीएफसी हा शौर्याचा किताब मिळाला. मेहरसिंग यांच्या ६ नंबर स्क्वाड्रननं हरिकेनमधून ब्रह्मदेशाच्या जंगलावर इतकी टेहळणी केली की त्यांना त्या आघाडीवरच्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याचे डोळे म्हणत. त्या आघाडीवर विमानावरच्या गोलातला लाल ठिपका काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि घाईत आपल्याच विमानावर गोळी सुटण्याचा धोका होता. उरला गडद निळा, आणि आत पांढरा किंवा फिका निळा. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून राखाडी. नाकाखाली धुळीसाठीच्या गाळणीचा मोठा फुगवटा. एवढं केलंत तर मैदानावर तुमचं विमान इतर कोणत्याही हरिकेनसारखं दिसणार नाही.

माझं १/८ मापाचं सध्या टेबलावर आहे. पंखविस्तार १५२ सेंटिमीटर, लांबी १२३ च्या आसपास, उड्डाणाचं वजन अडीच किलोच्या आत ठेवायचं आहे. ज्यांनी बांधलंय, बांधायचंय किंवा नुसतं आवडतं, सगळ्यांनी लिहा.

कुतूहल

वा! वाचनखूण साठवली. मी सनबोर्डची (फोमच्या पातळ फळ्यांची) दोन ट्रेनर बांधून उडवली आहेत. बाल्साला अजून हात लावलेला नाही. हरिकेन सनबोर्डमध्ये जमेल का? आणि बाल्सा घ्यायचं तर काय बघून घ्यायचं?

रानवारा

जमेल, पण मग मोटर आणि बॅटरी मोठी लागेल, कारण ह्या मापाला सनबोर्ड जड पडतो आणि वाकतो. माझा सल्ला असा, की पंखाचा गाभा फोमचा तापल्या तारेनं कापा आणि धड बाल्साचं करा. फोमच्या गाभ्यावर दीड मिलिमीटर बाल्साचं कातडं चढवलं की वळत नाही.

बाल्सा घेताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरोबर न्या. दुकानदार हसला तरी न्या. ३ मिलिमीटर जाड, ४ इंच रुंद, ३६ इंच लांब अशी एकाच ढिगातली पट्टी एक २५ ग्रॅम भरते, दुसरी ४५. दिसायला दोन्ही सारख्या. हलक्या पट्ट्यांवर पेन्सिलीनं वजन लिहा आणि त्या शेपटीसाठी राखून ठेवा. जड आणि सरळ रेषांच्या पट्ट्या स्पारच्या आसपास वापरा. स्पारसाठी स्प्रूस मिळालं नाही तर गाठी नसलेलं पाइन चालतं. धडाच्या लांब पट्ट्यांसाठी मी काही ठिकाणी बांबूच्या कामट्या तासून वापरल्या आहेत, नाकाजवळच्या वळणावर त्या बाल्सासारख्या तुटत नाहीत. पण शेपटीकडे कामटी नको, जड होते.

चिकटवण्यासाठी लाकडाला लाकूड असेल तिथे फेविकॉल. वाळायला वेळ घेतो, पण सांधा घासताना गोटीसारखा कडक राहत नाही. फेव्हिक्विक फक्त जागेवर धरण्यापुरतं. मोटरची फायरवॉल (नाकातली मोटर बसते ती फळी) आणि चाकांच्या बैठकीला ॲराल्डाइट, तेही जपून.

घाटमाथा

छान धागा. शेपटीच्या वजनाबद्दल थोडी भर घालतो, कारण जुन्या लढाऊ विमानांची अर्धी दुखणी तिथूनच सुरू होतात.

खऱ्या हरिकेनच्या नाकात मर्लिनसारखं दणदणीत इंजिन होतं. आपल्या नाकात दोन-अडीचशे ग्रॅमची मोटर. साहजिकच विमान शेपटीकडे झुकतं. १/८ मापात तोलबिंदूपासून मोटर ३० सेंटिमीटरवर आणि शेपूट ८० सेंटिमीटरवर येते. म्हणजे शेपटीत १० ग्रॅम वाढले की नाकात पंचवीस-तीस ग्रॅम शिसं भरावं लागतं. शेपटीला जाड रंग, जड बिजागऱ्या आणि मागे बसवलेले सर्वो, असं सगळं जमलं की नाकात पाव किलो शिसं कधी गेलं कळतही नाही.

म्हणून एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि रडर (डावी-उजवी दिशा देणारा) यांचे सर्वो मागे नको. पंखाच्या वर, कॉकपिटखाली बसवा आणि मागे पातळ कार्बनच्या नळ्या किंवा तारा न्या. बॅटरी थेट फायरवॉलला टेकवून. हरिकेनची हनुवटी खोल असल्यानं तिथे जागा मिळते, गाळणीच्या फुगवट्यातही थोडी मिळते.

तोलबिंदू सरासरी कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या, २५ ते २७ टक्क्यांवर ठेवून पहिलं उड्डाण करा. पंख धडाच्या खाली आहे, त्यामुळे तोल बघताना विमान उलटं धरा, नाहीतर ते बोटांवर डुलत राहतं आणि आकडा चुकतो. चाकं बाहेर आणि चाकं आत, दोन्ही स्थितीत बघा.

उत्तरसमुद्र

मी इंग्लंडमध्ये राहते आणि हा छंद मला नवऱ्यामुळे लागला, आता माझी विमानं त्याच्यापेक्षा जास्त आहेत. रानवारा, तुमच्या रंगसंगतीसाठी एक उत्तम नमुना सुचवते.

इथल्या वायुदलाची जुनी विमानं सांभाळणारी तुकडी लिंकनशायरमध्ये कॉनिंग्सबी इथे आहे. त्यांच्याकडे उडणारी दोन हरिकेन आहेत, एलएफ३६३ आणि पीझेड८६५. त्यातलं पीझेड८६५ काही वर्षं आग्नेय आशियातल्या आघाडीच्या रंगात होतं, ३४ नंबर स्क्वाड्रनच्या एचडब्ल्यू८४० ची खूण लावून. लाल नसलेले ते निळे गोल, हिरवा-तपकिरी रंग, सगळं. त्या रंगातले फोटो भरपूर आहेत आणि जवळून काढलेले आहेत. ते स्क्वाड्रन ब्रिटिश होतं, त्यामुळे अक्षरं जशीच्या तशी उचलू नका. पण रंगांच्या कडा कुठे वळतात, एक्झॉस्टमागे काजळी किती लांब जाते, कापडाचा भाग कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो, हे सगळं त्यात स्पष्ट दिसतं.

मी ते विमान डोक्यावरून जाताना पाहिलं आहे. त्याच्या शेजारी स्पिटफायर उडत होतं आणि लोक स्पिटफायरकडे बोट दाखवत होते. माझं लक्ष हरिकेनवरून हटत नव्हतं. कुबड काढल्यासारखी पाठ, जाडजूड पंख, आणि तरी हवेत इतकं स्थिर.

रंगाविषयी एकच सांगते. मॅट रंग वापरा आणि रंग थोडा फिकट करून घ्या. खऱ्या विमानाचा रंग १/८ मापावर जशाचा तसा लावला तर फार गडद दिसतो.

रानवारा

उत्तरसमुद्र, मनापासून आभार. पीझेड८६५ चे फोटो आता भिंतीवर लागणार.

दिल्लीला पालमच्या वायुदल संग्रहालयातही एक हरिकेन उभं आहे. तिथेच टेम्पेस्ट, स्पिटफायर, व्हॅम्पायर, नॅट अशी एकाहून एक विमानं एका छपराखाली बघायला मिळतात. ज्याला भारतीय विमानांची मॉडेल करायची आहेत त्यानं मोजपट्टी आणि वही घेऊन एक दिवस तिथे घालवावाच.

रंगाचं माझं तंत्र लिहितो. कोपऱ्यावरच्या रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर ॲक्रेलिक इमल्शनचे छोटे डबे हव्या त्या छटेत बनवून मिळतात. पाण्यात मिसळणारा रंग असल्यानं फोम वितळत नाही, वासही येत नाही. पातळ करून स्प्रेगननं दोन हात. संपूर्ण रंगाचं वजन शंभर ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे, म्हणून प्रत्येक हातानंतर विमान काट्यावर ठेवतो.

गोल आणि अक्षरांसाठी सरळ रेडियमवाल्याकडे जायचं. गाड्यांच्या नंबरप्लेटची अक्षरं कापतो तोच. त्याच्याकडच्या कटरवर व्हायनलचे साचे कापून घ्यायचे आणि त्यातून रंग मारायचा. व्हायनलच चिकटवून ठेवलं तर उन्हात कडा उचलतात आणि कापडावर ते स्टिकरसारखंच दिसतं. रंगवलेला गोल मात्र कापडाच्या विणीत मुरतो.

आणि कापड! हा भाग मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. मागच्या धडासाठी साडीच्या दुकानात मिळणारं पातळ पॉलिएस्टर अस्तर घेतो. सांगाड्याला पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन व्हार्निशचा हात मारून वाळू द्यायचा. मग अस्तर अंथरून कडेकडेनं कोमट इस्त्री फिरवायची, व्हार्निश मऊ होऊन कापड धरतं. सगळीकडून पकडलं की इस्त्री थोडी वाढवून मधल्या भागावरून हलकेच न्यायची. डोळ्यांदेखत सुरकुत्या ओढल्या जातात, पट्ट्या वर येतात आणि टिचकी मारली तर टणक आवाज येतो. नंतर पातळ व्हार्निशचे दोन हात, की विणीची भोकं बुजतात. एकाच बाजूला जास्त गरम केलं तर धड केळ्यासारखं वळतं, म्हणून डावी-उजवी बाजू आलटून पालटून घ्यायची.

पंखा

मोटर, बॅटरीचं गणित टाका की. आणि तीन पात्यांचा प्रोपेलर लावणार का?

रानवारा

४ सेलची ४००० एमएएच बॅटरी, ७०० केव्हीच्या (दर व्होल्टला मिनिटाला फेरे) आसपासची मोटर, १३ बाय ८ चा दोन पात्यांचा प्रोपेलर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा). पूर्ण थ्रॉटलला ४५ अँपिअर धरले तर साडेसहाशे वॉटच्या घरात जातं. अडीच किलोला म्हणजे किलोमागे अडीचशेच्या वर. जुन्या लढाऊ विमानाला एवढं पुरतं. गोल गिरकी मारायची तर थोडा सूर मारून वेग घ्यायचा, खरे वैमानिकही तेच करत.

तीन पात्यांचा प्रोपेलर टेबलावर दाखवायला. खऱ्या मापानं तो १७ इंचांचा होतो, उडवायला सोयीचा नाही. हवेत फिरताना पाती कोण मोजतो?

टायमर सहा-सात मिनिटांचा. बॅटरीत वीस टक्के राहिलेच पाहिजेत, कारण पहिला उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायची वेळ येतेच.

पंखा

धन्यवाद. वेगाबद्दल माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. बरेच जण ही विमानं बुलेटसारखी पळवतात. हरिकेनचा कमाल वेग ताशी ५४५ किलोमीटरच्या आसपास होता. १/८ मापात भागलं तर ६८ येतो. मॉडेल सहज शंभरावर जातं, पण डोळ्यांना ते खेळणं वाटतं. अर्ध्या थ्रॉटलवर, मोठी वळणं घेत, लांबून खाली येत समोरून काढलं की अंगावर काटा येतो. उत्तम बांधलेलं विमान उडवायच्या पद्धतीनं वाया गेलेलं मी फार वेळा पाहिलं आहे.

रानवारा

शंभर टक्के सहमत. हळू उडवायचं तर विमान हलकं हवं, फिरून फिरून तिथेच येतो आपण.

ह्या मापाच्या पंखाचं क्षेत्रफळ ३७ चौरस डेसिमीटर. अडीच किलोला प्रत्येक चौरस डेसिमीटरवर ६७ ग्रॅम येतात आणि माझ्या गणितानं स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल सुटण्याचा, वेग ताशी ३७-३८ किलोमीटर. तेच विमान तीन किलोचं झालं तर ८० ग्रॅम आणि ४१ किलोमीटर. कागदावर फरक किरकोळ दिसतो. उतरताना मात्र तुम्ही स्टॉलच्या सव्वापट-दीडपट वेगानं येता, जमीन उंचसखल असते, वारा आडवा असतो. तिथे प्रत्येक किलोमीटर जाणवतो.

पुणेकरांसाठी आणखी एक. आपण समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहोत. मे महिन्यात दुपारी ३८ अंशांना इथली हवा प्रमाण हवेपेक्षा १३ टक्क्यांनी विरळ असते, म्हणजे स्टॉलचा वेग सात टक्क्यांनी वाढतो आणि प्रोपेलरची ओढही घटते. मुंबईत जानेवारीच्या सकाळी शहाण्यासारखं वागणारं विमान पुण्यात मे महिन्यात अवखळ का होतं, त्याचं उत्तर ह्यात आहे. पहिलं उड्डाण हिवाळ्यात, सकाळी लवकर.

नॅटवेडा

थोडं विषयांतर, पण लढाऊ आणि जुनं यात बसतं म्हणून लिहितो. मला भारतीय विमानच करायचं आहे आणि मन नॅट ह्या छोट्या जेटवर गेलंय. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकट्यानं झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, वायुदलातले एकमेव परमवीर चक्र, ते ह्याच विमानात होते. लहानपणापासून ती गोष्ट मनात आहे. ७० मिलिमीटरच्या ईडीएफवर (नळीतल्या विजेच्या पंख्यावर) १/८ मापाचं नॅट होईल का?

घाटमाथा

होईल. पण आकडे बघून घ्या. नॅटचा पंखविस्तार ६.७ मीटर, लांबी ९ मीटर. १/८ ला विस्तार ८४ सेंटिमीटर आणि लांबी ११३. पंखाचं क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटरच्या आसपास. दीड-पावणेदोन किलो वजन म्हणजे रानवारांच्या जड हरिकेनएवढाच भार, शिवाय पंख पातळ आणि मागे झुकलेला. ईडीएफ थ्रॉटल दिल्यावर प्रोपेलरसारखा लगेच ओढत नाही, फॅन वेग पकडेपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. चाकं बारीक, गवतावर चालणार नाहीत. डांबरी पट्टी किंवा हातानं फेकणारा भरवशाचा जोडीदार हवा.

एक गंमतशीर गोष्ट वापरता येईल. खऱ्या नॅटमध्ये चाकं अर्धवट बाहेर काढली की तीच हवेतले ब्रेक म्हणून चालत. मॉडेलमध्येही उतरताना चाकं लवकर काढा, वेग पटकन बसतो.

आपल्या मारुत जेटचाही विचार करा. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांनी बंगळुरूला येऊन रेखलेलं विमान, पहिलं उड्डाण १७ जून १९६१. धड लांब आणि सडपातळ, दोन इंजिनांची जागा असल्यानं दोन छोटे फॅन बसतात. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक उभं आहे, मुंबईकरांना मापं घ्यायला दिल्ली गाठायला नको.

माझं मत विचाराल तर आधी एक हरिकेन उडवा. मग नॅट.

मुठाकाठ

कोणीच नियमांचा विषय काढला नाही म्हणून लिहिते. ड्रोन नियम २०२१ हे रेडिओ कंट्रोलच्या विमानांनाही लागू आहेत. छंदासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडणारं, २५ किलोपर्यंतचं विमान त्यात मॉडेल म्हणून वेगळं धरलेलं आहे आणि त्याला प्रकार-प्रमाणपत्राची गरज नाही. पण कुठे उडवायचं याचं बंधन आहे. सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे विभाग आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय चालतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. पुण्यात लोहगाव आणि खडकवासल्याची एनडीए, दोन्ही बाजूंना लष्करी हद्दी, त्यामुळे नकाशा उघडल्याशिवाय घराबाहेर पडू नका. नोंदणीचा भाग प्रत्येकानं स्वतः वाचावा, वजनाप्रमाणे तो बदलतो.

याशिवाय शेतमालकाला आधी विचारा, आणि गुरं राखणारी मुलं मैदानात असतील तर ती आपल्या मागे उभी राहिल्याशिवाय बॅटरी जोडू नका. अडीच किलोचं विमान कुणाला लागलं तर जीवावर बेततं.

रानवारा

मुठाकाठ ताई, हे फार आवश्यक होतं. यात एकच जोडतो. सिग्नल तुटला तर थ्रॉटल बंद होईल असा फेलसेफ लावा आणि प्रत्येक वेळी मैदानावर ट्रान्समीटर बंद करून तो खरंच चालतो का ते बघा, प्रोपेलर काढून. कार्बनच्या नळ्या सिग्नल अडवतात, म्हणून रिसीव्हरच्या दोन्ही अँटेना नळ्यांपासून दूर आणि एकमेकींना काटकोनात.

कुतूहल

मी ठरवलं, हरिकेनच. फोमचा पंख, बाल्साचं धड. पण मनात भीती आहे ती पहिल्या टेकऑफची. माझी दोन्ही ट्रेनर पुढे चाक असलेली होती, शेपटीला चाक असलेलं कधी उडवलं नाही. आणि स्टॉलमध्ये पंख पडतो म्हणतात ते नक्की का?

रानवारा

आधी स्टॉल. पंखाचं टोक मुळापेक्षा अरुंद असतं. अरुंद पंखावर, कमी वेगात, हवा फार चिकट असल्यासारखी वागते आणि लवकर सुटते. ह्याचा हिशेब रेनॉल्ड्स आकड्यात करतात. उतरताना आपल्या मॉडेलच्या टोकाजवळ तो लाखाच्या जरा वर असतो, खऱ्या हरिकेनला त्याच्या कितीतरी पट. म्हणून खऱ्या विमानाचा पंख हुबेहूब लहान केला तर तो तितका प्रेमळ राहत नाही. टोक मुळाआधी सुटलं की त्या बाजूचा पंख कोसळतो. घाबरून उलट दिशेला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) दिला तर पडलेल्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, त्या टोकावर आणखी भार येतो आणि विमान पाठीवर जातं.

उपाय पंख बांधतानाच करायचा. टोकाची मागची कड वर घेऊन दोन अंश वॉशआउट द्या, म्हणजे टोक नेहमी मुळापेक्षा कमी कोनात राहील. स्पिटफायरच्या खऱ्या पंखातही मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ होता. फोमचा गाभा कापताना दोन टोकांचे साचे त्या कोनात ठोकले की झालं. दोन्ही पंखांचा पीळ सारखा आहे ना, हे मोजून घ्या. शेपटीमागून डोळ्यांच्या रेषेत बघा, फरक अर्ध्या अंशाचा असला तरी दिसतो.

आता टेकऑफ. वाऱ्याला तोंड करून उभं करा. एलेव्हेटर पूर्ण वर धरा, म्हणजे शेपटीचं चाक जमिनीला दाबून राहील आणि दिशा देईल. थ्रॉटल सावकाश, मनात पाच मोजेपर्यंत. झटक्यात दिलात तर मोटरचा पीळ विमानाला डावीकडे ओढेल. उजव्या रडरवर अंगठा आधीपासून तयार ठेवा. वेग आला की एलेव्हेटर हळूहळू सैल करा, शेपूट आपोआप उचलेल. शेपूट वर येते त्या क्षणी डावीकडची ओढ पुन्हा वाढते, फिरत्या प्रोपेलरचा तो गुणच आहे, तेव्हा उजवा रडर थोडा जास्त. मग काहीही न करता पळू द्या. जमीन सोडायची घाई करू नका. ट्रेनर उडी मारून वर जातो, हे विमान पळत पळत हलकं होतं. उचललं की चढ अगदी उथळ ठेवा, वेग वाढू द्या, मग चाकं आत.

वर शंभर मीटरवर गेल्यावर ट्रिम करा, म्हणजे काठ्या सोडल्या तरी सरळ उडेल असं, आणि तिथेच स्टॉल करून बघा. थ्रॉटल कमी, नाक सपाट धरून ठेवा, कधी आणि कसं पडतं ते पाहा. फ्लॅप काढूनही तेच करा. हरिकेनचे फ्लॅप पंखाच्या खालच्या बाजूनं उघडणारे आहेत, एक मिलिमीटर प्लायवूडचे सहज होतात, आणि वेग मारण्यात पटाईत. पण ते उघडल्यावर नाक वर जातं की खाली, हे उंचावर कळलेलं बरं.

उतरताना थोडा थ्रॉटल ठेवून या. पूर्ण बंद करून तरंगत आणायचा मोह होतो, ट्रेनरनं ती सवय लावलेली असते. इथे तीन पात्यांइतका नाही, पण दोन पात्यांचा थांबलेला प्रोपेलरही अडवतो. शेवटचं वळण उंचावर आणि मोठं घ्या. मुख्य चाकांवर टेकवा, थ्रॉटल काढा, शेपूट आपली आपण बसू द्या. बसली की एलेव्हेटर परत पूर्ण वर, नाहीतर गवतात नाकावर जाईल.

उत्तरसमुद्र

कुतूहल, ह्याला जोडून एक. जुन्या ट्रेनरचं पुढचं चाक काढून त्यालाच मागे एक छोटं चाक लावा, मुख्य चाकं तोलबिंदूच्या थोडी पुढे सरकवा, आणि महिनाभर फक्त टेकऑफ आणि लँडिंग करा. हरिकेन बांधून होईपर्यंत तुमचा उजवा रडर पक्का झालेला असेल.

कुतूहल

हे आवडलं. ह्या रविवारीच करतो. रानवारा, मुख्य चाकं नक्की किती पुढे?

रानवारा

विमान उड्डाणाच्या स्थितीत, म्हणजे शेपूट वर धरून सपाट ठेवा. तोलबिंदूतून खाली ओळंबा सोडा. आस त्याच्या पुढे हवा, तोलबिंदूपासून आसापर्यंतची रेघ ओळंब्याशी साधारण १५ अंश करेल इतका. गवत उंच असेल तर १८-२० करा, नाकावर जाणं कमी होतं. त्याहून जास्त नको, मग शेपूट उचलत नाही आणि टेकताना विमान उसळतं. हरिकेनलाही हाच कोन लावा. प्लॅनमध्ये पाय सरळ खाली दाखवलेले असले तरी पायाची तार थोडी पुढे वाकवून घेता येते.

फॉर्मरचे साचे मी कार्डबोर्डवर काढून ठेवले आहेत. पुण्यात असाल तर व्यनि (खासगी निरोप) करा, नेऊन छापून घ्या आणि परत द्या.